डिस्टोपियन कादंबऱ्या सीमाभागात बसून वाचताना: कुठला इशारा आपल्याला लागू पडतो?

टिळकवाडीचा वाचक (धागाकर्ता)

या पावसाळ्यात आमच्या वाचनकट्ट्याने चार कादंबऱ्या लागोपाठ वाचायला घेतल्या. जॉर्ज ऑर्वेलची '१९८४', ऑल्डस हक्सलीची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१' आणि मार्गारेट अ‍ॅटवुडची 'द हँडमेड्स टेल'. चारही डिस्टोपियन, म्हणजे जिथं माणसाचं राहणं, बोलणं, आठवणंसुद्धा कुणाच्या तरी ताब्यात गेलंय अशा जगाच्या गोष्टी. बेळगावात बसून त्या वाचताना मन स्वस्थ राहत नाही, म्हणून हा धागा.

'१९८४'चा विषय निघाला की लोक टेलिस्क्रीनबद्दल, म्हणजे घरात बसून माणसावर नजर ठेवणाऱ्या पडद्याबद्दल, बोलतात. मला नायक विन्स्टनची नोकरी जास्त भयंकर वाटते. तो सत्य मंत्रालयात बसून जुनी वर्तमानपत्रं 'दुरुस्त' करतो. सत्तेतला पक्ष आज जे म्हणतोय तेच कालही म्हणत होता, असं छापील पुराव्यानिशी दिसलं पाहिजे. एका प्रसंगात विदर्स नावाचा माणूस मर्जीतून उतरतो आणि त्याचं कौतुक असलेला जुना मजकूर अडचणीचा होतो. मग विन्स्टन त्या जागी कॉम्रेड ओगिल्वी नावाचा शूर सैनिक बसवतो. असा कुणी कधी जन्मलाच नव्हता. चार ओळी छापल्या, दोन खोटे फोटो केले की झाला माणूस तयार. यातलं मला सगळ्यात लागलं ते असं, की पक्षाचा एवढा तिटकारा असूनही विन्स्टनला हे काम मनापासून आवडतं. चांगल्या कारागिराला आपल्या हातच्या कामाचा जो आनंद होतो, तोच इथं सत्तेच्या कामी येतो.

आमच्या घरी आजोबांच्या काळचा जमिनीचा उतारा आहे, मराठीतला. आता मिळतो तो कन्नडमध्ये. आई तो हातात धरून आधी सर्व्हे नंबर शोधते, कारण आकडे तेवढे ओळखीचे. मग शेजारच्या पोराला हाक मारते, "हे काय लिव्हलंय बघ की जरा." जमीन तिचीच आहे, कुणी हिरावलेली नाही. पण आपल्याच जमिनीच्या कागदावर काय म्हटलंय, हे तिला दुसऱ्याच्या तोंडून कळतं. उद्या त्या कागदात कुणी ओगिल्वी घुसवला, तर तिला कळणार कसं?

तरी आपण ऑर्वेलच्या ओशनियात, म्हणजे '१९८४'मधल्या त्या राज्यात, राहतो असं मी म्हणणार नाही. तिथं कायदाच उरलेला नाही. विन्स्टनने डायरी लिहायला घेतली तर ते बेकायदा नाही, कारण बेकायदा ठरवायला कायदा लागतो. पकडला गेला तर शिक्षा मात्र मरणाची किंवा छळछावणीची. आपल्याकडे १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली, त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्तीही लागू झाली. त्यातलं कलम ३५०अ अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावं म्हणून आहे, आणि ३५०ब त्यांच्या हक्कांवर लक्ष ठेवायला खास अधिकारी नेमायला सांगतं. सीमाभागासाठीचा महाराष्ट्राचा २००४चा दावाही सर्वोच्च न्यायालयातच आहे. दाद मागायची जागा आहे, हा फरक लहान नाही.

तुम्ही यातलं काय वाचलंय? आणि इथं राहताना कुठला इशारा तुम्हाला खरा वाटला?

मलप्रभाकाठ, खानापूर

कागद वाचता येणाऱ्यांनाही तो पुरता दाखवला जात नाही. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल घ्या. २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावं, असं सगळं त्या एकाच अहवालात आहे. आमचं खानापूर त्या पहिल्या यादीत. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटक त्यालाच अखेरचा शब्द मानतं. आमच्या गावातल्या पोरांना यातला एक आकडा ठाऊक असतो. धारवाडला माझा एक मित्र आहे, त्याच्या पोरांना दुसरा ठाऊक. कुणी जुने पेपर जाळले नाहीत, कुणी खोटं छापलं नाही. अर्धंच सांगत राहिलं की पुरतं.

मागावरची पोर, शहापूर

माझे वडील मराठी, आई कन्नड. घरात दोन्ही भाषा. वडिलांचे दोन माग आहेत, सूत मराठी व्यापाऱ्याकडून येतं आणि साडी कन्नड बाजारात जाते. त्यामुळे हा धागा वाचताना मला एक गोष्ट सांगावीशी वाटते, राग मानू नका.

'१९८४' हातात घेतलेला प्रत्येक जण स्वतःला विन्स्टनच समजतो. बेळगावचा मराठी माणूस वाचतो तेव्हा बिग ब्रदर, म्हणजे कादंबरीतला सगळ्यांवर नजर ठेवणारा हुकूमशहा, बेंगळूरला बसलेला असतो. माझ्या मामाने ते कन्नडमध्ये वाचलं, तेव्हा त्याचा बिग ब्रदर मुंबईत होता. मामाचंही खोटं नाही. कर्नाटकाच्या एकीकरणाआधी कन्नड माणूस मुंबई इलाखा, हैदराबाद, मद्रास, म्हैसूर, कोडगू अशा तुकड्यांत विखुरलेला होता. १९२४ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं ते तुमच्या टिळकवाडीतच, काँग्रेस विहिरीच्या परिसरात. तिथं हुइलगोळ नारायणरावांचं कन्नड नाडूच्या उदयाचं गीत गायलं गेलं. त्या दिवशी ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, त्यांनाही आपली भाषा कचेरीत चालत नाही याचंच दुःख होतं.

कादंबरीतला द्वेष-सप्ताह आठवा. चौकात वक्ता युरेशिया या शत्रू देशाच्या नावाने आग ओकतोय. भाषण चालू असताना त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली जाते, आणि वाक्य न तोडता, सूर न बदलता तो ईस्टेशिया या दुसऱ्याच देशाला शिव्या द्यायला लागतो. गर्दीलाही काही वाटत नाही. शत्रू कोण हे महत्त्वाचं नसतंच, गर्दी तापलेली राहणं महत्त्वाचं. दर वर्षी नोव्हेंबर जवळ आला की माझ्या फोनवर दोन भाषांतून दोन प्रकारचे निरोप येतात. नावं तेवढी बदलायची, बाकी मजकूर तोच. मग एखाद्या बसला काळं फासलं जातं, दोन्हीकडच्या गाड्या बंद होतात, आणि कोल्हापूरला दवाखान्यात निघालेली म्हातारी स्टँडवर अडकून बसते. तिला विचारा कुणाचा विजय झाला ते.

टिळकवाडीचा वाचक

राग कसला ताई, उलट बरं झालं लिहिलंत. पण एक फरक मी सोडणार नाही. चौकातल्या गर्दीचा आवाज आणि सरकारी नियमाचा शिक्का यांचं वजन सारखं नसतं. गर्दी संध्याकाळी घरी जाते, नियम दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत बसलेला असतोच. माझ्या आईचा उतारा गर्दीने बदलला नाही.

मागावरची पोर, शहापूर

हे मान्य. नियमाविरुद्ध बोलायलाच हवं, मीही बोलते. माझं म्हणणं इतकंच, की गर्दीच्या तोंडाने बोललं की तो नियम आणखी घट्ट होतो. तुमच्या आईच्या उताऱ्यासाठी मी तुमच्यासोबत कचेरीत यायला तयार आहे, मोर्चात कुणाच्या आईबद्दल काही बोललं जाणार असेल तर नाही.

उद्यमबाग शिफ्ट दोन

तुमच्या यादीत एक पुस्तक नाही, आणि या सगळ्यांच्या आधीचं तेच आहे. येवगेनी झाम्यातिनचं 'वुई'. रशियन क्रांतीनंतर लगेच, १९२०-२१ला लिहिलेलं. इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कला १९२४ला छापून आलं, पण खुद्द सोव्हिएत रशियात ते उजेडात यायला १९८८ उजाडलं. झाम्यातिन स्वतः जहाजबांधणीचा इंजिनियर होता, पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये राहून बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करत होता. झारच्या राज्यात तुरुंगात गेला, बोल्शेविकांनीही आत टाकला. शेवटी १९३१ला स्टालिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि १९३७ला पॅरिसमध्ये वारला.

मी कास्टिंगचं मशीनिंग करणाऱ्या एका कारखान्यात काम करतो, म्हणून हे पुस्तक मला फार जवळचं वाटलं. त्यातल्या माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. नायक डी-५०३ हाही इंजिनियरच. सगळी घरं काचेची, पडदा ओढायचा तर गुलाबी चिठ्ठी लागते. उठणं, जेवणं, फिरणं सगळं वेळेच्या तक्त्यानुसार. आणि त्या राज्यात सगळ्यात मोठा मान कुणाला? टेलरला. कामगाराच्या प्रत्येक हालचालीला घड्याळ लावणारा तो अमेरिकन फ्रेडरिक टेलर. कारखान्यात जे आठ तास चालतं ते चोवीस तास चाललं तर काय होईल, हे झाम्यातिनने शंभर वर्षांपूर्वी बघून ठेवलं होतं.

आमच्याकडे आधी कार्ड पंच करायचो, आता मशीनसमोर चेहरा धरायचा. मशीनवर जॉब चढवला की सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, स्क्रीनवर धावायला लागतो. हिरवा असताना ठीक, लाल झाला की केबिनमध्ये कळतं. त्यात चूक काय, असं मलाही वाटायचं, माल वेळेवर गेला पाहिजे हे मलाही कळतं. पण गेल्या उन्हाळ्यात आमचा एक जुना टर्नर टूल बदलताना जरा थांबला, कानाने मशीनचा आवाज ऐकला आणि म्हणाला, बेअरिंग जाणार. लाल झाला, बोलणी खाल्ली. बेअरिंग खरंच गेलं. त्याचा तो थांबलेला क्षण तक्त्यात बसत नव्हता. 'वुई'च्या शेवटी राज्य माणसांच्या डोक्यातली कल्पनाशक्ती काढून टाकायची शस्त्रक्रिया सुरू करतं. डी-५०३ तिच्यानंतर एकदम सुखी होतो, आणि जिच्यावर त्याने जीव टाकला त्या बाईचा छळ शांतपणे बघत बसतो. ते पान वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही.

रामदेव गल्ली

शिफ्ट दोन, फार चांगलं लिहिलंय. ऑर्वेलने 'वुई' वाचलं होतं, त्यावर १९४६ला परीक्षणही लिहिलं होतं, हे इथं जोडून ठेवतो.

मी आयुष्यभर पुस्तकं विकली, त्यामुळे माझं लक्ष दुसरीकडे गेलं. या कादंबऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त वाचलेला माणूस कोण असतो? 'फॅरनहाइट'मध्ये पुस्तकं जाळणाऱ्या पथकाचा प्रमुख बिटी. तो बोलताना अवतरणांवर अवतरणं फेकतो. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये नियंत्रक मुस्तफा माँड. त्याच्या तिजोरीत बायबल आहे, शेक्सपियर त्याला येतो, तरुणपणी तो चांगला शास्त्रज्ञ होता, आणि हद्दपारी की सत्ता असा प्रश्न आल्यावर त्याने सत्ता घेतली. '१९८४'मध्ये पक्षाचा बडा अधिकारी ओब्रायन. ज्या बंदी असलेल्या पुस्तकाने विन्स्टन पेटतो, ते लिहिण्यात आपलाही हात होता असं तोच तुरुंगात सांगतो. तिघेही अडाणी नाहीत. वाचनाने माणूस आपोआप स्वातंत्र्याच्या बाजूला जातो, असं मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलो. या लेखकांचा त्यावर विश्वास नव्हता, आणि आता मीही ते तितक्या ठामपणे सांगणार नाही. वाचलेलं कुणाच्या बाजूने वापरतो, ते त्या माणसाला रोज ठरवावं लागतं.

कडोलीची सून

पुरुषमंडळींनी अ‍ॅटवुडला हातच लावला नाही, म्हणून लिहिते. 'द हँडमेड्स टेल' १९८५चं. माणसांनी इतिहासात कुठेतरी केलेलं नाही असं यात काही घालायचं नाही, असा नियम अ‍ॅटवुडने स्वतःला घातला होता. त्यामुळे 'असं थोडंच होतंय' म्हणून सुटता येत नाही.

सगळे त्यातल्या दासींच्या लाल कपड्यांबद्दल बोलतात. मला त्यातला दुकानातला प्रसंग विसरता येत नाही. नायिका नेहमीच्या दुकानात जाते, कार्ड देते, ते चालत नाही. त्याच दिवशी तिला नोकरीवरून काढतात, तिलाच नाही, सगळ्या बायकांना. मग मैत्रीण सांगते, बायकांची खाती गोठवलीत, पैसे नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुषाच्या नावावर जाणार. गोळीबार नाही, आरडाओरडा नाही. रात्री नवरा ल्यूक तिला जवळ घेतो, मी आहे ना, सांभाळीन म्हणतो. वाईट माणूस नाही तो. पण तिच्या मनात येतं, याला याचं काहीच वाटत नाहीये. कदाचित बरंच वाटतंय.

आमच्या बचत गटात बायकांची स्वतःच्या नावाची खाती आहेत. २०२३पासून गृहलक्ष्मीचे महिन्याचे दोन हजारही बाईच्याच खात्यात येतात, आणि बसला तिकीट लागत नाही म्हणून बाया स्वतः बेळगावला जाऊन येतात. हे मी फार मोठं मानते. पण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा? बहुतेकींचा नवऱ्याचा, नाहीतर पोराचा. पैसे आले की मेसेज त्याला जातो. काढायचे तर ओटीपी त्याच्याकडे. गटातल्या एक मावशी आहेत, रताळ्याच्या रानात दिवसभर राबतात. त्या पासबुक कापडात गुंडाळून डब्यात ठेवतात आणि कुणी विचारलं की पुढच्या पानावरचा आपला फोटो दाखवतात. खात्यात किती आहेत ते मात्र त्यांना पोराला विचारावं लागतं. पोरगा चांगला आहे, खोटं सांगत नाही. ल्यूकही खोटं सांगत नव्हता.

निपाणीकर

चर्चा चांगली चाललीय, पण मला एक खटकतं. या सगळ्या गोष्टी शिकल्यासवरल्या, पक्षातल्या, ऑफिसातल्या माणसांच्या आहेत. ऑर्वेल सांगतो, ओशनियात शंभरातले पंच्याऐंशी लोक प्रोल, म्हणजे कष्टकरी. त्यांच्या घरात टेलिस्क्रीनही नसतो बहुधा, कारण पक्षाला त्यांची भीतीच नाही. विन्स्टन म्हणतो आशा असलीच तर ती त्यांच्यात, आणि पुढे हेही म्हणतो, की भान आल्याशिवाय ते उठणार नाहीत आणि उठल्याशिवाय त्यांना भान येणार नाही.

निपाणीत वाढलेल्या माणसाला हे पटत नाही. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या आमच्याकडच्या बायकांनी ऐंशीच्या सुमाराला संघटना बांधली, मालकासमोर उभ्या राहिल्या. अक्षरओळख नसलेल्या होत्या कित्येक जणी. १९८१ला तंबाखू शेतकऱ्यांनी हमरस्ता अडवून धरला, गोळीबार झाला, माणसं मेली. या लोकांनी आधी भान आणि मग बंड असा क्रम लावला नव्हता. मजुरी कमी पडत होती, भाव मिळत नव्हता, तिथून सुरुवात झाली. स्वातंत्र्याची गोष्ट आमच्याकडे भाकरीच्या गोष्टीतून निघते. ऑर्वेल मोठा लेखक, पण कष्टकरी माणूस त्याने खिडकीतून पाहिलेला वाटतो, धुणं वाळत घालणारी, गाणं म्हणणारी बाई म्हणून.

रामदेव गल्ली

निपाणीकर, '१९८४'पुरतं म्हणाल तर विचार करायला लावणारं आहे. पण त्या माणसाने स्वतः फाटक्यांत राहून, खाणकामगारांच्या वस्तीत जाऊन लिहिलंय, स्पेनमध्ये गळ्यात गोळी खाल्लीय. खिडकीतून पाहणारा विन्स्टन आहे. त्याचं न कळणं ऑर्वेलने मुद्दाम दाखवलं असावं, असं मला वाटतं.

बेळगुंदीचे गुरुजी

दोन दिवस हा धागा वाचतोय. मराठी प्राथमिक शाळेत शिकवतो. 'फॅरनहाइट ४५१'बद्दल कुणी नीट बोललं नाही, आणि माझ्या मते आपल्यासाठी तेच सगळ्यात जवळचं पुस्तक आहे.

लोकांच्या लक्षात राहतं ते बंबवाले पुस्तकं जाळतात एवढंच. बिटी नायक माँटॅगच्या घरी येऊन काय सांगतो ते वाचा. तो म्हणतो, हे सरकारने वरून लादलेलं नाही. सुरुवातीला हुकूम नव्हता, बंदी नव्हती. लोकांनीच वाचणं सोडलं, सगळं छोटं, सोपं, झटपट हवं झालं, कुणाला काही टोचू नये असं झालं. बंबवाले नंतर आले.

आमच्या शाळेच्या पहिलीच्या वर्गात बाकं रिकामी आहेत. सरकारकडून शिक्षक वेळेवर मिळत नाही, पुस्तकं उशिरा येतात, हे खरं आहे आणि त्यासाठी आम्ही भांडतो. पण बाकं रिकामी व्हायला एवढंच कारण नाही. सकाळी आठला शाळेच्या फाटकापाशी उभा राहिलो की समोरून पिवळी व्हॅन जाते. तिच्यात गावातलीच पोरं, टाय लावलेली. १ नोव्हेंबरला पुनर्रचनेच्या निषेधाची काळी फीत बांधणाऱ्यांची पोरंही त्यात असतात. संमेलनाच्या ग्रंथदिंडीत पालखीला खांदा देणाऱ्यांची पोरंही असतात. उचगाव, कडोली, येळ्ळूर, आपल्या गावोगावी मराठी साहित्य संमेलनं होतात, माणसं शेतातली कामं टाकून येतात, ते बघून माझा ऊर भरून येतो. आणि सोमवारी परत तीच बाकं.

मराठी शाळा बंद पाडायला कुणाला बंबवाला पाठवायची गरज राहिलेली नाही. बाहेरच्या दडपणाविरुद्ध आपण साठ-सत्तर वर्षं उभे आहोत, त्यात लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, ते मी कमी लेखत नाही. पण नियंत्रण आपल्याच हातून, आपल्याच खुशीने होतं तेव्हा त्याच्याविरुद्ध मोर्चा कुठे न्यायचा, हे मला कळत नाही.

मलप्रभाकाठ, खानापूर

गुरुजी, माझी दोन्ही पोरं त्या व्हॅनमध्ये आहेत. मराठीत सातवीपर्यंत घालीन, पुढे काय? कॉलेज इंग्रजीत, नोकरीला कन्नड लागतं, पुण्याला गेला तर इंग्रजी आणि हिंदी. खुशीने म्हणू नका. तीन दारं बंद आणि एक उघडं असेल, तर त्या दारातून गेलेल्याला तुमची मर्जी होती असं म्हणता येत नाही. हक्सलीच्या जगात मूल बाटलीत असल्यापासून त्याला आपला वर्ग आवडायला शिकवतात, बीटा वर्गातल्याला बीटा असल्याचा आनंद वाटतो. आम्हाला आनंद वाटत नाही, गुरुजी. रात्री पोरांना मराठी वाचायला बसवतो, ती अडखळतात, आणि मी गप्प बसतो.

बेळगुंदीचे गुरुजी

अडखळू द्या, पण थांबवू नका. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी वर्ग उघडा ठेवायला तयार आहे, व्हॅनमधल्या पोरांसाठी. परवानगी काढावी लागेल, ती मी काढतो. गोष्टीची पुस्तकं रामदेव गल्लीवाल्यांकडून मिळतील का?

रामदेव गल्ली

मिळतील. पेटी भरून ठेवतो, कुणीतरी गाडी घेऊन या.

कडोलीची सून

आमच्या गटानेही एक ठरवलंय. येत्या आठवड्यात जिला हवा तिने खात्याचा मोबाइल नंबर बदलून घ्यायचा, स्वतःचा द्यायचा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी साधे बटणवाले फोन गटाच्या पैशातून कर्जाऊ घेतोय. घरी थोडी कुरकुर झाली, पण झाली तर झाली. अडचण अर्जाची आहे. तो कन्नड आणि इंग्रजीत आहे, आणि आमच्यात नीट कन्नड लिहिणारं कुणी नाही. मागावरची पोर, तुम्ही याल का?

मागावरची पोर, शहापूर

येते. आईलाही आणते, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. आधार आणि पासबुक दोन्ही लागेल, झेरॉक्स काढून ठेवायला सांगा. आणि जिचा नंबर बदलायचाय तिने स्वतः यायचं, पोराला पाठवायचं नाही. अर्जात काय लिहिलंय ते मी प्रत्येकीला आधी मराठीत वाचून दाखवीन, मगच सही नाहीतर अंगठा.